मशीनला कोणी सांगितलं?

१० नोव्हेंबर २०२५

त्रेचाळीस माणसं! सकाळी सातपासून हरसूलच्या बाजारतळावर बसलेली, डोळे तपासणाऱ्या गाडीची वाट बघत. आणि गाडी इथे नाशकात, गॅरेजमध्ये, चाकं काढून ठेवलेली.

साडेनऊला दत्तूचा फोन. हा गाडी चालवणाऱ्या ट्रस्टचा तिथला माणूस, पाड्यापाड्यावरचे पेशंट गोळा करणारा. "सायेब, गाडी हाय कुठं? म्हाताऱ्या लय लांबून चालत आल्यात. मेसेज हाय ना तुमचा!"

मेसेज आमचाच. ट्रस्टचं सॉफ्टवेअर आमची कंपनी सांभाळते. 'उद्या गाडी येणार' हे पेशंटना कळवणं त्यातलंच एक काम. ते नीट होतं का, हे बघायला आमच्या ऑफिसातल्या नव्या निलोफरने काल घरून चाचण्या चालवल्या. रविवारी! हा उत्साह. चाचणीतला मेसेज जायचा असतो एका नकली पाठवणाऱ्याकडे. तो 'मिळाला' म्हणतो आणि गप्प बसतो. काल गेला खऱ्याकडे. आणि पेशंटची यादीही खरी.

"पण सर, सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या," निलोफर म्हणते.

होणारच! त्रेचाळीस माणसं येऊन बसली, याहून पास ते काय व्हायचं?

११ नोव्हेंबर

राग उतरत नाही. वर्ष घातलंय मी या कामात. पूर्वी आमच्या चाचण्यांचे वर्ग (संगणकाच्या भाषेतले, विद्यार्थी नसलेले) सगळं सामान पोटात बाळगून असायचे. पत्ता आत, पासवर्ड आत, पाठवणारा आत. मी एकेक वर्ग सोलून काढला. बाबा रे, तुला काय लागतं ते तू नुसतं माग. काय द्यायचं ते बाहेर ठरेल. पूजेला यादी गुरुजी देतात, पण सामान यजमान मांडून ठेवतो — गुरुजी घरून तांब्या आणत नाहीत. तसं. बाहेर एक सेटिंगची फाइल ठेवायची: चाचणी असेल तर नकली पाठवणारा, नकली यादी. दोनशे अकरा वर्ग! ऑफिसात सगळे हसायचे. "शास्त्रीबुवांनी पूजा मांडली." एम. ए. संस्कृत करून या धंद्यात आल्याचे असे फायदे.

आणि ही बया नवा लॅपटॉप उघडते, फाइल ठेवतच नाही, आणि चाचण्या चालवते!

"फाइल लागते असं मला कोणी बोललंच नाही, सर."

"वाचता येतं ना?" मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. आवाज चढला होता. चढू दे.

१२ नोव्हेंबर

तेजल मॅडम — माझ्या मुलीहून चार वर्षांनी मोठ्या, आणि माझ्या साहेब. "शास्त्री सर, निलोफरचं प्रोबेशन शुक्रवारी संपतंय. कन्फर्म नको करायला. ट्रस्टला कोणीतरी दाखवावं लागेल ना! तुम्ही रिपोर्ट लिहा, म्हणजे मला पुढचं करता येईल."

तीन इंटरव्ह्यू घेऊन माणूस आत घ्यायचं आणि एका वाक्यात बाहेर. तेजलवर चिडलो. तिच्यावर चिडून उपयोग नसतो, म्हणून मग निलोफरवर चिडलो. लिहितो म्हणालो.

निलोफर आज "गुड मॉर्निंग सर" म्हणाली नाही. बरंच झालं.

बरं नाही झालं.

१३ नोव्हेंबर

हरसूलला जाऊन माफी मागायची कामगिरी माझ्याकडे. का? तर "तुम्ही वयाने मोठे, लोक तुमचं ऐकतात." ऑफिसात कोण ऐकतं ते विचारायचं राहून गेलं.

दत्तूने चिमणाबाईंकडे नेलं. मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी. सोमवारी सुनेचा हात धरून दोन तास चालत आल्या, उन्हात बसल्या, तशाच परत गेल्या. आज अंगणात नागली राखत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "मावशी, चूक झाली. तो मेसेज मशीनकडून गेला."

"मशीनला कोनी सांगितलं?"

"एक नवी मुलगी आहे आमच्याकडे..."

"पोर हाय व्हय?" म्हातारी हसली. "मंग तिला शिकीवनारा कुठं गेलता?"

दत्तू खो खो हसला. मी नाही. म्हातारीवर चिडता येईना, म्हणून येताना रस्त्यातल्या खड्ड्यांवर चिडलो. नाशिकरोडला घरी जाताना द्वारका चौकात चाळीस मिनिटं अडकलो, तिथे हॉर्न वाजवणाऱ्या यच्चयावत मनुष्यमात्रावर.

रिपोर्ट मात्र लिहून झाला. दोन पानं, धारदार. 'घोर निष्काळजीपणा' दोनदा आलंय, एकदा कमी करावं का? असो. नेमक्या कुठल्या ओळीपाशी फाइल लागते, तो ओळीचा नंबर तेवढा उद्या बघून टाकायचा.

१४ नोव्हेंबर

ओळ बघितली.

फाइल मिळाली नाही तर वर्गाने तिथेच थांबायला हवं. बोंब मारायला हवी. तो थांबत नाही! तिथे लिहिलंय — काही दिलं नसेल तर खरा पाठवणारा घे, खरी यादी घे. कुठल्या गाढवाने हे लिहिलं म्हणून बघितलं. आमच्याकडे प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख चिकटलेली असते.

माझं नाव. गेल्या वर्षीची तारीख. शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं. सोयीसाठी.'

नवा रिपोर्ट चार ओळींचा झाला. तेजलने दोनदा वाचला, निलोफरच्या कन्फर्मेशनच्या कागदावर सही केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याशी सोमवारी बोलते."

चूक माझी, हे निलोफरला सगळ्यांसमोर सांगितलं, मंगळवारी जितक्या मोठ्याने बोललो होतो तितक्याच मोठ्याने. तिने लॅपटॉपवर ती ओळ उघडली. मग, "सर, त्या ओळीचं काय करायचं?"

"तूच काढ."

मग दत्तूला फोन लावला. म्हटलं, चिमणाबाईंकडे फोन नेऊन दे. त्यांना एक उत्तर चुकीचं दिलंय.