गेणबा तात्यांचे माप बरोबर होते

ज्या माणसाचे नाव आपण चारचौघांत खराब केले, त्याला मृत्युपत्रातून काय देता येते? या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. हे सुरुवातीलाच कबूल करते, कारण बाकीची कलमे सोपी आहेत.

मी, स्वरूपा मानसिंग गलांडे, वय २६ वर्षे, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, राहणार डाळज, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. हृदयाची एक झडप तशी नाही, ती येत्या मंगळवारी पुण्यात बदलणार आहेत. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले आणि मग चार पानांवर माझ्या सह्या घेतल्या. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. मी फक्त फार थकले आहे, आणि थकलेल्या माणसाने कामे उरकून ठेवावीत असे मला वाटते.

कलम १. वडिलांच्या मागे राहत्या घरात माझा जो हिस्सा येतो तो, आणि बँकेत माझ्या नावावर जे असेल ते, माझी आई ठमाबाई हिला मिळावे. माझे पदवीचे प्रमाणपत्रही तिचेच. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आईने ते देव्हाऱ्याशेजारी टांगले आहे आणि सणासुदीला त्यालाही हळदकुंकू लावते. वर काच आहे म्हणून बरे.

कलम २. माझे पाने, मल्टीमीटर, डायल गेज आणि पुस्तके भाऊ रणजित याची मुलगी संस्कृती हिला द्यावीत. ती लहान आहे, तोवर हत्यारे तेल लावून ठेवावीत. मुलीला पाने कशाला, असे कोणी म्हटले तर हे कलम त्याला दोनदा वाचून दाखवावे.

कलम ३. रणजितला वडिलांचे घड्याळ. मला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्याने दोन वेळा सांगितले की पोरगी कॉम्प्युटरचा कोर्स करते, शेडमध्ये खोलून ठेवलेली गाडी तिची नव्हे, तिच्या मामाची आहे. आम्हाला मामा नाही. हे मी माफ केलेले नाही. पण पुण्याला जाताना एवढे ओझे बरोबर न्यायचे नाही, म्हणून इथे उतरवून ठेवते.

कलम ४. व्हॅन. ती माझ्या नावावर आहे आणि माझ्यानंतर आईच्या नावावर व्हावी. वडील तिच्यातून डाळजच्या मुलींना बारामतीच्या कॉलेजात नेत. मी स्वतः त्यातलीच एक. वडील गेले, वर्षभराने इंजिन गेले, आणि त्यानंतर तीन मुलींनी अकरावीतच कॉलेज सोडले. म्हणून ती विजेवर चालवायची असे मी ठरवले. अपघातात चेपलेल्या एका इलेक्ट्रिक कारची मोटार भंगारात मिळाली. कार संपली होती, मोटार धडधाकट होती. परिवहन कार्यालयाची मंजुरी मिळाल्यावर ही गाडी आधी मुलींसाठी चालावी, उरलेल्या वेळात रणजितसाठी. मंजुरीचे अर्ज निळ्या फाईलमध्ये आहेत.

मोटार आपली आपण फिरते, गिअरबॉक्सही फिरतो. अवघड काम आहे ते दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणण्याचे. हे काम इंदापूरचे गेणबा सोपान मारकड यांनी केले. त्यांचे वडील मेंढरांमागे फिरले. त्या घरात मशीनवर उभे राहिलेले गेणबा तात्या पहिले, म्हणून आमचे जमले. जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग कापून त्यांनी मोटारीच्या शाफ्टवर बसेल असे कपलिंग, म्हणजे दोन्ही शाफ्ट जोडणारा तुकडा, लेथवर केले. मोटार आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारी जाड लोखंडी प्लेटही त्यांचीच. सगळे जोडून, शाफ्ट केसभर वाकडा फिरला तरी सुई हलवणारा डायल गेज लावून त्यांनी शाफ्ट हाताने फिरवला. सुई हलली नाही. तात्या म्हणाले, "सुई झोपली बघ."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आईला नवे मशीन ओवाळायचे होते, आणि बोल्ट लावलेले अर्धे झाकलेले मशीन तिला चालेना. मी मोटार पुन्हा सोडवली. मोटार, प्लेट, कपलिंग पाटावर मांडले. आईने हळदकुंकू वाहिले, ओल्या अक्षता टाकल्या. मी फडके घेतले तर म्हणाली, "आज पुसू नगंस. आज हत्यारं निजल्याली असत्यात." तात्यांनी फोनवर बजावले होते, "बसवायच्या आधी प्लेटचं आनि मोटारीचं, दोन्ही तोंडं पुसून घे." दसऱ्याला सकाळी मी घाईत होते. प्लेटवरून नुसता हात फिरवला आणि बोल्ट आवळले. गेज पुन्हा लावला नाही. सुई झोपलेली मी पाहिली होती.

रविवारी आमच्या मळ्याच्या रस्त्यावर गाडी चालवली. सोळा माणसे बघायला होती, तात्याही इंदापूरहून आले होते. तिसऱ्या फेरीला खालून खडखड आली, मग एक फटका बसला आणि गाडी थांबली. कपलिंगचा जोड तडकून तुटला होता.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या, सेंटर चुकलंय तुमचं."

"माप चुकलं न्हाय, पोरी. खोलून बघ."

"खोलायला कशाला पाहिजे? मी इंजिनिअर आहे. आता तुम्ही आणि तुमची लेथ, दोघांनी रिटायर व्हा."

लोक हसले. तात्यांनी टोपी झटकली आणि रणजितच्या गाडीवर मागे बसून स्टँडकडे गेले. त्यानंतर पंपाचे शाफ्ट घेऊन येणारे लोक त्यांच्याकडे येईनासे झाले. ज्याच्या कामाने पोरीची गाडी मोडली त्याच्याकडे कोण जाणार? दिवाळीनंतर त्यांनी लेथवर गोणपाट टाकले.

जानेवारीत दुसरीकडे कपलिंग करून घ्यावे म्हणून मी मोटार सोडवली. प्लेटच्या खालच्या कडेला, बोल्टच्या भोकाशेजारी, पिवळे झालेले दोन तांदूळ होते. दाबून कागदासारखे चपटे झालेले. तेवढ्यावर मोटार तिरकी बसली होती. मी फट मोजली. माप तात्यांचे नव्हते, माझे चुकले होते.

दोन महिने मी कोणाला सांगितले नाही. आईला लागेल, हे एक कारण मी स्वतःला देत होते. खरे कारण एवढेच की मला लाज वाटत होती आणि लाज सहन करण्याइतके बळ अंगात नव्हते. प्लेट तांदळासकट जुन्या साडीत गुंडाळून ठेवली.

कलम ५. (खोडले आहे.) या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात वरचा सगळा प्रकार या कलमात लिहून, मोटार गेणबा तात्यांना दिली होती. माझ्यानंतर ते कलम सर्वांसमोर वाचावे असेही लिहिले होते. इंदापुरात वकिलांच्या कार्यालयात कागदपत्रे बघणाऱ्या मनिषाताईंनी तो मसुदा वाचला. चष्मा काढून त्यांनी विचारले,

"ऑपरेशन चांगलं झालं तर?"

"म्हणजे?"

"म्हंजे तू जगलीस तर हे कुणाला कळायचं? त्या म्हाताऱ्यानं तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं व्हय?"

मी मसुदा परत घेतला आणि तिथूनच तात्यांकडे गेले. गोणपाटाशेजारी बसून ते शेंगा खात होते. मी साडी सोडून प्लेट दाखवली. त्यांनी ती उन्हाकडे धरली.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"तांदळाचं?"

"तांदळाचं न्हाय. माझ्या मापाचं."

"मग बोलला का नाहीत, तात्या?"

"म्हनलं की, खोलून बघ. आनि किती बोलायचं? आता बी मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय. ज्यांच्या म्होरं बोललीस, त्यास्नी सांग."

परवा, रविवारी, त्याच रस्त्यावर मी त्याच सोळा जणांना बोलावले. चौदा आले. तात्यांना शेजारी बसवून प्लेट सगळ्यांच्या हातात दिली आणि चूक कोणाची होती ते सांगितले. दम लागला म्हणून मध्ये एकदा खाली बसावे लागले, पण सांगून पुरे केले. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "तांदूळ माझ्याच मुठीतलं."

तात्या म्हणाले, "वैनी, तुमी ओवाळलं ते बरं केलं. पुसायचं काम इंजिनिअरचं हुतं." या वेळी लोक मला हसले. मी हसू दिले.

मोटार तरी घ्या, असे मी तात्यांना म्हणाले. मृत्युपत्राला दुसरा साक्षीदार अजून मिळायचा होता, आणि साक्षीदाराला त्यातून काही देऊ नये असे वकील म्हणाले होते, तेही सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग मला साक्षीदारच कर. माझं नाव कागदावर खाली असू दे, साक्षीला."

काल तात्यांनी लेथवरचे गोणपाट काढले आणि नवे कपलिंग केले. संध्याकाळच्या आत आमच्या शेडमध्ये आले. प्लेट तांदळासकट जपून ठेवावी असे माझ्या मनात होते. ते म्हणाले, "पूस की आता. दाखवायचं त्यास्नी दावून झालं."

मी दोन्ही तोंडे पुसली. मोटार बसवली, बोल्ट आवळले, गेज लावला. सुई हलली नाही. मग घरात येऊन मसुद्यातल्या कलम ५ वर आडवी रेघ मारली. माझ्यानंतर करायचे असे त्यात काही राहिलेले नाही.

लिहून देणार : स्वरूपा मानसिंग गलांडे (सही)

आम्हा दोघांच्या देखत वरील सही झाली, आणि तिच्या देखत आम्ही आमच्या सह्या केल्या :

१. गेणबा सोपान मारकड, लेथचे काम, रा. इंदापूर (सही)
२. मनिषा अविराज देवकाते, नोकरी, रा. भवानीनगर (सही)

ठिकाण : इंदापूर
दिनांक : १८ मार्च २०२५