पायाकडे नाही, दाराकडे

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. कामाचं कारण सांगणार होते, पण ते अर्धंच खरं झालं असतं. मी मोटरसायकलच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि तुला सांगायची लाज वाटली. फोनवर तुझा आवाज चढला असता आणि मी घाईघाईने वहिनीची खुशाली विचारून फोन ठेवला असता. म्हणून कागद.

हे सगळं कशासाठी, ते आधी सांगते. वरच्या वस्तीला जाणारी बस बंद झाली आहे. घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम घेता यावेत म्हणून आमच्या दवाखान्याने एक मोटरसायकल घेतली. माझ्या जोडीचा फिजिओथेरपिस्ट गाडी उत्तम चालवतो, पण तो चढ आणि ती वळणं त्याला नकोत. पाठ दुखते म्हणतो. दुसऱ्यांच्या पाठी सरळ करणारा माणूस. शेवटी मी हात वर केला. या महिनाअखेरपर्यंत मला लायसन्स मिळालं तर वरची फेरी चालू राहील. नाहीतर त्या पेशंटना महिन्यातून एकदा खाली आणणार, म्हणजे व्यायाम न केल्यातच जमा. तिथे एक गवंडी आहे, परांचीवरून पडून खुबा मोडलेला. बस होती तोवर तो वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत येऊ लागला होता. आता खंड पडला तर पुन्हा अंथरूण धरेल. हे मला कळतं आणि त्यालाही.

पण मी फक्त त्याच्यासाठीच हात वर केला का? सगळे वळून माझ्याकडे बघत होते तेव्हा बरं वाटलं होतं. तेही लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल.

पहिल्या परीक्षेत आठचा आकडा काढताना पाय टेकला. दुसऱ्या वेळी हँडल वळलेलं असताना घाबरून पुढचा ब्रेक आवळला आणि गाडी माझ्यासकट आडवी झाली. वेग चालण्याइतकाच होता. हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, सगळं अंगावर होतं, त्यामुळे खरचटलं ते फक्त अब्रूला. शिकवणाऱ्या बाई रोज ओरडतात की चाकाकडे बघू नका. मी मान डोलावते, आणि मैदानावरचा लाल शंकू जवळ आला की तीच मान खाली जाते. का, ते कळत नाही.

सव्वीस तारखेला शेवटची संधी आहे. रागवायचं असेल तर सविस्तर रागव, पण लोभात कपात नको.

तुझी,
धाकटी


८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं. तू आडवी झालीस तिथे ती थांबली, तिने चष्मा पुसला आणि मग हसली. मी हसलो नाही. तुझ्या वयाला माणसं गाड्या विकतात, तू शिकायला निघालीस. लहानपणी सायकल शिकताना अख्ख्या मैदानात एकच झाड होतं, ते तू बरोबर गाठलं होतंस.

हा नाद सोड, असंच लिहिणार होतो. तसं एक पत्र लिहून फाडलंही. गवंड्याच्या खुब्यावरून मला माझा गुडघा आठवला. गेल्या वर्षी ऑपरेशननंतर तू मला घरभर फिरवलंस. मी पायाकडे बघत चालायचो आणि तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा: “पायाकडे बघू नकोस, दाराकडे बघ. जिकडे बघशील तिकडेच जाशील.” तू गेल्यावरही कितीतरी दिवस दुकानात कापड मोजताना ते माझ्या कानात वाजायचं.

अगं शहाणे, वीस वर्षं तू लोकांच्या पायांवर डोळे लावून बसली आहेस. कोण कुठे अडखळेल ते बघणं हेच तुझं पोट. मग मान खाली जाईल नाहीतर काय होईल? लोकांना दार दाखवतेस आणि स्वतः पाय बघतेस. गाडीवर बसलीस की तू डॉक्टर नाहीस, पेशंट आहेस. पेशंटसारखी ऐक.

सव्वीसला मला यायला जमणार नाही. दुकानात माल यायचा आहे.

आशीर्वाद आहेतच, सोबत ताकीदही: हेल्मेटचा पट्टा आवळल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

दादा


२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पास झाले. बाकीचं पत्र सावकाश वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मैदानाच्या कडेला बसून दोनदा वाचलं आणि आधी चिडले. तुला माझ्या धंद्यातलं काय कळतं, असंही मनात आलं. मग गाडीवर बसले आणि पलीकडच्या टोकाच्या चौकीदाराच्या खोलीच्या दारावर नजर रोवली. वळण आलं की पुढचं दार शोधायचं, ते दार म्हणजे दोन शंकूंमधली मोकळी जागा. हेल्मेटच्या आत मी पेशंटना दटावते त्याच सुरात स्वतःला दटावत होते; एकदा तर सवयीने “आजोबा, मान वर” असंही म्हणून गेले. गाडी वळली. इतकी निमूट वळली की मला तिचाच राग आला.

काल आठचा आकडा पाय न टेकता काढला. मग रस्त्यावरची परीक्षा. परीक्षक मागून त्यांच्या गाडीवर. एका वळणाच्या तोंडाशी खडी सांडली होती आणि पाठीशी एक ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. मी वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना, वेग कमी केला, कडेला झाले, ट्रकला जाऊ दिलं आणि खडी ओलांडून हळू वळले. वाटलं, वाहतूक अडवली म्हणून गेलेच मी. शेवटी परीक्षकांनी विचारलं, किती वर्षं चालवता. मी खरं ते सांगितलं, तर ते हसून सही करायला खाली वाकले.

मी थांबले ते शहाणपणाने की भीतीने? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नव्या माणसाला भीती हवीच, फक्त तिला मागच्या सीटवर बसवायचं, हँडल तिच्या हाती द्यायचं नाही.

तू असायला हवा होतास, एवढं मात्र वाटलं. माल आला का?

श्रेय तुझं आहे, ते हक्काने घे; लोभ मागितल्याशिवायच मिळतो.

तुझी,
धाकटी


२ मार्च

चि. वन्संना,
अनेक आशीर्वाद.

माल कसला येतो? सव्वीसला तुमचे दादा पहाटेची पहिली बस धरून निघाले. मला सांगितलं, ठोक बाजारात जातोय. संध्याकाळी परतले ते रिकाम्या हाताने, विजार धुळीने भरलेली आणि ऑपरेशनचा गुडघा सुजलेला. खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं. मैदानाच्या भिंतीबाहेर एका दगडावर चढून तुमची मैदानातली सगळी परीक्षा बघितली.

मी भांडले. एवढं गेलात तर पोरीला भेटायला काय झालं होतं? तर म्हणाले, “मी दिसलो असतो तर तिने माझ्याकडे बघितलं असतं, आणि गाडी सरळ माझ्याकडे आली असती.”

तुमचं पत्र आल्यापासून तर गिऱ्हाईकाला कापड दाखवता दाखवता काउंटरवर बोटाने आठचा आकडा काढतात. तुमच्या गोष्टीतल्या ट्रकचे आता दोन ट्रक झालेत.

मी हे कळवलं ते त्यांना कळू देऊ नका. कळलंच तर माझी बाजू घ्या, तेवढा जीव माझ्यावर आहे हे ठाऊक आहे.

तुमची,
वहिनी


२१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? उगाच विचारते. बर्फाने शेकत जा आणि दगडबिगड उचलू नकोस, त्यांच्यावर चढूही नकोस.

वरची फेरी माझ्या नावावर झाली. पहिल्या रविवारी, पेशंट नाही, पिशवी नाही, नुसता रस्ता बघायला गेले. पुढे बाई त्यांच्या गाडीवर, मागे मी. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस दाट धुकं होतं, म्हणून गेलेच नाही. दिवसभर मनाला लागून राहिलं, की लोक वाट बघत असतील आणि मी घरात सुरक्षित बसले आहे. गवंड्याला नंतर तसं सांगितलं तर तो म्हणाला, बरं केलंत, तुमचा खुबा मोडला तर आपल्या दोघांना उठवायला वर कोण येणार होतं?

आज त्याच्या अंगणात गाडी लावली, तर आतून आरडाओरडा. जमीन भुसभुशीत आहे, स्टँड रुतेल, गाडी कलंडेल, खाली चपटा दगड ठेवा; एवढंही कळत नाही का. मी वळून बघितलं. गवंडी उंबऱ्याबाहेर उभा होता. एक हात भिंतीवर, दुसरा माझ्या दिशेने रागाने उगारलेला. वॉकर आत पलंगाशीच राहिला होता. त्याच्या ते लक्षातच नव्हतं. मी दगड शोधून आणला. तो ठेवून होईपर्यंत गवंडी तसाच उभा राहून दगडाची जागा सांगत होता. मग आपण कुठे आहोत ते त्याला उमगलं. हसला, पण खाली बसला नाही. बायकोला हाक मारली, तिने यावं आणि बघावं म्हणून.

दादा, खाली येताना मी सगळी वळणं हळू घेतली. घाई कसलीच नव्हती.

तुझा लोभ या गाडीला पुरेल इतका आहे, हे आता मला नीट माहीत आहे. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. गवंड्याचा वॉकर सुटला, त्याला काठी न्यायची आहे. उद्याचं काम एकच: काठी गाडीला लांबीत, बाहेर न डोकावता बांधता येईल असे दोन पक्के पट्टे आणणे.