संध्याकाळचा पंप

मंगळवार, दिवेलागण

डॉक्टर म्हणाले, "दमा आटोक्यात आलाय. दोन औषधांचा हा पंप आता फक्त सकाळी ओढा." येताना शहागंजातून पेढेसुद्धा घेतले. मग प्रशांतला का नाही सांगितलं?

पोरगा पुण्याहून रोज सातला व्हिडिओ कॉल करतो, तो या संध्याकाळच्या पंपासाठीच. मी औषध ओढून श्वास धरायचा, त्यानं दहापर्यंत मोजायचं. मग "आई, चूळ भर" म्हणतो आणि फोन ठेवतो.

आजही आला. मी कपाटातला जुना, रिकामा पंप तोंडाला लावला. लाज वाटली, पण लावला. त्यानं मोजायला घेतलं. आठलाच मी श्वास सोडला. मुद्दाम.

"असं नाय चालत, आई. परत धर, मी पहिल्यापासून मोजतो."

मोजलं बिचाऱ्यानं. सावकाश.