गप्प बसलेला वर्ग

सोमवार, ४ ऑगस्ट

लागली एकदाची नोकरी! सरकारी हायस्कूल, भाषेची शिक्षिका. आई फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होती, पक्की ना गं? म्हटलं, पक्की म्हणजे खिळा ठोकल्यासारखी पक्की.

शाळा वस्तीच्या पोटातच आहे. एका अंगाला भंगाराची गोदामं, दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या खोल्या. वर्गाच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर कुणाच्यातरी दोरीवरचा ओला सदरा हाताला लागतो. पंखा फिरतो, वारा मात्र येत नाही. बाकांवर मुलं इतकी दाटीवाटीने बसतात की एकाने कोपर हलवलं की चौथ्याची ओळ वाकडी होते. तरी मला सगळंच आवडलं. नववीचा वर्ग, वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. पलीकडची खोली बंद आहे, दाराला पत्रा ठोकलाय. मुख्याध्यापक म्हणाले, अडगळ आहे.

विज्ञानाचे सर चहा पिताना हसून म्हणाले, तुमच्या वर्गाला शांत करणं म्हणजे आवळ्याची मोट बांधणं. बघू या. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

सर खरंच बोलत होते. काय तो गोंगाट! सगळ्यात पुढे एक काटकुळी मुलगी, तिला सगळे भोंगा म्हणतात. सकाळी आईबरोबर चार घरची भांडी घासून शाळेत येते, पण आवाज असा की बाहेरची कुत्री गप्प होतात. हुशार आहे. कविता एकदा ऐकली की पाठ.

एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. ही मुलं मस्तीने ओरडत नाहीत. चेहऱ्यावर हसू नसतं. भोंगा दमली की मागची कुणीतरी बाक वाजवायला लागते, ती थांबली की कोपऱ्यातला एकजण पाढे म्हणतो. पाळी लावून दिल्यासारखं. मी फळ्याकडे वळले तरी थांबत नाहीत.

बुधवार, २० ऑगस्ट

जिंकले. पण—

नीट लिहिते. काल पालकांना बोलावलं. या गोंगाटात मुलं नापास होतील, मग तुमच्यासारखीच भांडी घासतील, असं बोलून गेले. भोंगाच्या आईने सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात मारली. भोंगा रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त.

आज वर्ग चिडीचूप. पेनांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मी खुशीत फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी अगदी नम्रपणे विचारलं, “बाई, आता उठू का?”

मी वळलेच नाही. म्हटलं, “नाही. मी सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही.”

“बरं, बाई,” असं उत्तर आलं. एका आवाजात नाही. पुष्कळ आवाजांत.

वळून पाहिलं तर माझ्या वर्गातल्या एकाही मुलाचं तोंड उघडं नव्हतं. सगळे पलीकडच्या बंद खोलीच्या भिंतीकडे बघत होते. भोंगा पांढरीफटक पडली होती.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत भोंगाला जवळ बसवलं. मग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

“बाई, त्या खोलीत माझी ताई होती. मी लहान होते तेव्हा. खाली आग लागली. त्यांच्या बाई म्हणाल्या, मी बघून येते, मी सांगेपर्यंत उठायचं नाही, आवाज करायचा नाही. मग जिन्यात धूर भरला.”

मी विचारलं, मुलं ओरडली नाहीत?

“नाही ना. वरून आवाजच आला नाही, म्हणून खालच्या लोकांना वाटलं, वर्ग सुटलाय. कुणी वर गेलंच नाही. सापडले तेव्हा सगळे हाताची घडी घालून बाकावर होते. म्हणून आम्ही गलका करतो, बाई. आम्ही गप्प झालो की ते विचारायला लागतात. आणि आजवर कुणी त्यांना उत्तर दिलं नव्हतं.”

मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की वर्ग ओरडत होता तर ओरडू द्यायचा होता.

सोमवार, २५ ऑगस्ट

मुलांना सांगितलं, ओरडा. घसा फुटेस्तोवर ओरडा. उपयोग नाही. गलक्याच्या वरून ऐकू येतं आता.

बाई, उठू का?

मध्येच खोकला. बारीक, दाबलेला खोकला. मोठ्याने खोकलं तर बाई रागावतील, असा.

भोंगा ओरडत नाही. भिंतीला कान लावून बसते. ताई हाक मारते, म्हणते.

मंगळवार, २६ ऑगस्ट

भोंगा वर्गात नाही. दप्तर आहे. पलीकडच्या दाराचा पत्रा एका कोपऱ्यात वाकवलेला—

आत गेले. बाक काळे. सगळ्या बाकांवर मुलं. हाताची घडी. भोंगा एका मोठ्या मुलीला चिकटून बसली होती. ओढलं, हलेना. जड, दगडासारखी. ओठ निळे पडत होते. म्हणाली, “तुम्ही सांगितल्याशिवाय कसं उठू, बाई?”

दुसरं काय करणार होते मी? माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

म्हटलं, “उठा.”

भोंगा उठली. आईकडे पोचवली तिला. श्वास घेतेय. जगेल.

पण उठा म्हटल्यावर सगळेच उठले.

बुधवार, २७ ऑगस्ट

शाळेत गेले नाही. माझ्या भाड्याच्या खोलीतच आहे. भर दुपार. जिन्यात पावलं, सावकाश, एका तालात. ढकलाढकली नाही. शिस्तीची मुलं.

दाराबाहेरून विचारलं, बाई, आता कुठे जायचं?

घरी जा, म्हटलं.

म्हणाले, घरं पाडली, बाई. आम्ही गेल्यावर लगेच पाडली. आईबाबा कुठे गेले, माहीत नाही.

दाराकडे पाठ करून लिहायला बसले.

कडी लावलेली होती. लावलीच होती मी.

मागे वळत नाही. धुराचा वास. रांग लावताहेत, एकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, तसंच शिकवलेलं असणार. खोली भरत आली. कुणी बोलत नाही. मी सांगेन त्याची वाट—

छोटा हात. गरम. माझ्या खांद्याव—