चाचणी यंत्राची होती

प्रिय माला,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या शाळेत, शिपाई सटवाच्या हातून देतोय. फोन केला असता, पण तुझा फोन हल्ली जावईबापूच उचलतात, आणि इतकं गोड बोलतात की तुझी चौकशी राहूनच जाते.

परवा केजच्या मंगल कार्यालयातून आल्यापासून तेच डोळ्यांपुढे येतंय. मतदानाचं नवं यंत्र तुम्हा कर्मचाऱ्यांना कितपत सोपं जातं ते बघायला यंत्र बनवणारी मंडळी आली होती, आणि आम्हा म्हाताऱ्यांना नकली मतदार म्हणून रांगेत उभं केलं होतं. आपल्या गावचा बंकट मागून कुरकुरला, मास्तर, बोगस मतालाबी रांग हाय व्हय. मी हसलो, पण लक्ष तुझ्याकडे. टेबलामागे तू होतीस, मला मात्र चौथीतली माला दिसत होती. कवितेत वारा आला की दोन्ही हात पसरून वर्गभर फिरायचीस. शेवटच्या बाकावरची पोरंही डोलायची.

मनात येईल ते मोठ्यानं बोलत काम करा, असं त्या मंडळींतल्या रविराजनं तुला सांगितलं. चुकलात तर चूक यंत्राची धरू, तुम्हाला तपासत नाही. अशी परीक्षा मी जन्मात पाहिली नव्हती, फार आवडली. तू बोलत होतीस, झाकण उघडलं, हिरवा दिवा लागला, आता मतदाराला सोडते. मग कुठलंसं बटण चुकलं आणि यंत्र किंचाळायला लागलं. ते बंद करायला रविराजनं तुझ्यापुढून हात नेला.

माला, तू दोन्ही हात तोंडावर घेतलेस. डोळे मिटून म्हणालीस, "चुकलं माजं. पुन्हा न्हाई होनार."

मग हसलीस, पदर सारखा केलास. रविराजनं कागदावर लिहून घेतलं, आवाज मोठा आहे, कर्मचारी दचकतात. मी शाईसाठी बोट पुढं केलं, तर तू वर बघितलं नाहीस. मत न देताच बाहेर आलो आणि पायरीवर बसून राहिलो. हात पसरायला मी शिकवलं होतं. तोंडावर घ्यायला कुणी शिकवलं, ते कळलं.

एवढ्यासाठीच हे पत्र. शनिवारी शाळा सुटल्यावर घरी जाऊ नकोस. मी जीप घेऊन फाटकाशी उभा असेन. तुझ्या आईला सगळं सांगितलंय. तिनं तुझी खोली झाडून ठेवलीय. सामान काही आणू नकोस. लोक जे बोलतील ते मी ऐकून घेईन. वाटेत वाटलं तर मनात येईल ते मोठ्यानं बोल, नाही वाटलं तर गप्प बस. चूक तुझी धरणार नाही.

तुझाच,
आण्णा