कागदावरचा कोंबडा

९ मार्च

बर्चची रोपं उपटायची, ढीग घालायचा, पुन्हा उपटायची. आज चारशेपर्यंत मोजली. मग वाळूवर एक साप ऊन खात पडलेला दिसला आणि आकडाच विसरले. हिन्नर्क म्हणाला, "टोम्के, साप बघायला ठेवलं नाहीये तुला." स्वतः मात्र दर दहा मिनिटांनी पाइप भरतो! या माळाचा राखणदार म्हणे. खोकतो असा की मेंढ्या बिचकतात.

रविवारची माणसं वाटेवरून जाता जाता बोलून जातात — निसर्ग वाचवणारेच झाडं मारतायत बघा. डोकं फिरतं! एका बाईला थांबवून सांगितलं, ही उपटली नाहीत तर दहा वर्षांत इथे जंगल होईल. हीदरची झुडपं जातील, वाळू झाकली जाईल, आणि काळ्या कोंबड्याला, रानपक्षी तो, नाचायला मोकळी जागा लागते. ती म्हणाली, कुठाय तो? मी राखीव भागाच्या तारेपलीकडे बोट दाखवलं. इतक्या ऐटीत, जसा काही मीच पाळलाय.

खरं तर मी पाहिलेला नाही. ऐकलाय फक्त. दोनदा, पहाटेच्या धुक्यात — आधी गुडगुड, झाकण ठेवलेलं भांडं उकळावं तशी, मग एक लांब फुसकारा. अंगावर काटा आला होता. ब्रेमरहाफनची बेकरी सोडली, बोटीवरचं काम सोडलं, शाळा तर केव्हाच. कुठे तीन महिने टिकले नाही. इथे तीन दिवसांसाठी आले होते. पाचवा महिना चालू आहे. त्या आवाजामुळे.

२३ मार्च

वाळूवाली कंपनी पुन्हा आली. माळाखालची वाळू त्यांना हवीय, काचेला बरी म्हणे. खाणावळीत नकाशा पसरून बसले होते दोघं, बुटांवर धूळ नाही. तारेआत एक जरी काळा कोंबडा ओरडत असेल तर खोदता येत नाही — नियम आहे. नसेल तर येतं. म्हणून सगळं १८ एप्रिलच्या मोजणीवर. पाच आडोसे, पाच माणसं, पहाटे कान लावून बसायचं. ऐकू आलं तर वेळ लिहायची, दिशेचा बाण काढायचा. कागद जिल्ह्याच्या कचेरीत.

त्यातला एक मला म्हणाला, कोंबडीसाठी एवढा माळ? मी म्हटलं, काचेसाठी?

नंतर त्याच्या कोटाच्या खिशात बर्चची दोन रोपं मुळांसकट घातली. हिन्नर्कला सांगितलं नाही.

५ एप्रिल

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

आज सरावाची मोजणी. मी आडोशात बसायला हवं होतं. पण ससा दिसला, त्याच्यामागे गेले — माझं हे नेहमीचंच. भरकटत मोठ्या जुनिपरच्या झुडपापर्यंत पोचले तर गुडगुड सुरू झाली. इतक्या जवळ! पोटावर सरपटत गेले. आज दिसणार.

दिसला. हिन्नर्क. बटाट्याच्या पोत्यावर पालथा, दोन्ही हात तोंडाभोवती, गाल फुगलेले. गुडगुड. फुसकारा. मग खोकला. मग पुन्हा गुडगुड.

मी आवाज न करता मागे फिरले. वाळूत बसून रडले, आणि त्याचा राग आणखी आला.

६ एप्रिल

विचारलं. तो नाही म्हणाला नाही, याचाच संताप!

खरा कोंबडा नऊ वर्षांपूर्वी दिसला होता, शेवटचा. निळसर काळा, डोळ्यांवर लाल तुरे, शेपटी दोन विळ्यांसारखी बाहेर वळलेली. हिन्नर्कच्या बापाने शिकारीसाठी ती हाक शिकवली होती. कोंबडा बोलवून मारायला! त्याच हाकेने हा आता मेलेला जिवंत ठेवतोय.

मी म्हटलं, तुम्ही मला खोट्यासाठी थंडीत बसवलंत. मी लोकांना बोट दाखवून सांगत होते, तारेपलीकडे!

"कोंबडा गेला तेव्हा एकच जीव गेला, पोरी," तो म्हणाला. "कागदावरून गेला की माळ जाईल."

मी म्हटलं, १८ तारखेला तोंड उघडलंत तर मी कचेरीत जाऊन सांगेन. त्याने पाइप झटकला. "नाही उघडणार."

एवढं सोपं? भांडला तरी असता.

१८ एप्रिल

हिन्नर्क आला नाही. खिडकीत बसला होता, मी जाताना पाहिलं.

पहाट. चंडोल होते. दूर मेंढ्यांची घंटा. बाकी काही नाही. अडीच तास काही नाही. कागदावर लिहिलं — शून्य. लिहिताना वाटलं होतं, बरं वाटेल.

मग सगळे वीबकेकडे. तिच्या मधमाश्यांच्या पेट्यांमागे टेबल मांडलेलं, कॉफी, गव्हाळ रंगाचा बकव्हीटच्या पिठाचा केक. मोजायला बसलेले बाकीचे चौघं — पाद्री, धनगर, खाणावळवाला, वीबके. कागद गोळा करायचं काम माझं. मोजणी सोडून बाकी सगळ्या गप्पा. हवा, मेंढ्या, केक.

१९ एप्रिल

कागद उघडले. चौघांनीही लिहिलंय — एक नर.

चौघांनी!

नकाशावर चारही बाण पट्टीने ओढले. चार रेषा एकाच ठिकाणी मिळतात. मोठ्या जुनिपरवर. जिथे काल पोतंसुद्धा नव्हतं.

तशीच वीबकेकडे गेले, नकाशा तिच्या पेट्यांवर आपटला. माश्या उठल्या, एक चावलीही. ती शांतपणे डंख काढत म्हणाली, "नऊ वर्षं जो कोंबडा ओरडता ओरडता खोकतो, तो कोण हे आम्हाला कळत नसेल?"

म्हणजे पूर्ण गाव! पाद्रीसुद्धा! मूर्ख ती मी एकटी. मी तिला म्हटलं, माझा शून्य मी बदलणार नाही.

"नको बदलूस," ती म्हणाली. त्यानेच जास्त पेटले.

२२ एप्रिल

कचेरी. पाचही कागद दिले. साहेबांनी चष्मा पुसला, माझा शून्य दोनदा वाचला. चार विरुद्ध एक, म्हणाले, शंकेला जागा आहे. २९ला मी स्वतः ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन येतो.

मी विचारलं, कोंबडा नसला तरी बाकीचं आहे ना — चंडोल, साप, वाळूतले सरडे, त्यांचं काय? ते म्हणाले, सरडे बादलीत घालून दुसरीकडे सोडता येतात.

बादलीत.

बस चुकली. चौदा किलोमीटर चालत आले, वाटभर मोठ्याने शिव्या देत. एक सायकलवाला वळून बघत होता, त्यालाही दिली.

२५ एप्रिल

माळावर लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्यात. आधीच! कंपनीला कुणी सांगितलं? माझा शून्य गावभर फिरला असणार, आणि तिथून पुढे.

एका खुंटीला टेकून सरडा बसला होता. नर, या दिवसांत अंगाच्या बाजू हिरव्यागार होतात त्यांच्या. मी इतकी जवळ गेले तरी हलला नाही. त्याच्यासमोर तासभर बसले. कामाला उशीर झाला. खुंटी उपटली नाही. हात शिवशिवत होते.

२६ एप्रिल

हिन्नर्कचा आवाज बसलाय. ताप, छातीत घरघर. तोंडातून नुसती हवा येते. तरी उठून पोतं शोधत होता. मी ते हिसकावलं. म्हटलं, दिलेला शब्द पाळायचा, झोपा.

मग म्हटलं, गुडगुड कशी काढायची, दाखवा.

त्याने बघितलं माझ्याकडे. पेल्यात पाणी घेतलं, गवताची नळी घातली, फुंकून दाखवलं. मग खुणेने — आता पाण्याशिवाय, घशात. दिवसभर मेंढ्यांच्या गोठ्यात बसलो. मेंढ्यांनी एकदाही मान वर केली नाही. तो कुजबुजला, "बेडूक." पुन्हा. "आजारी बेडूक." फार चिडले मी त्याच्यावर.

२९ एप्रिल

साहेब यंत्र घेऊन आडोशात, मी मोठ्या जुनिपरखाली. पोतं ओलं होतं, दातांत वाळू गेली. उजाडेपर्यंत ओरडले. मध्येच खोकला आला, तर वीबके, पाद्री, धनगर, खाणावळवाला आपापल्या आडोशातून एकदम खोकायला लागले.

साहेबांनी केक खात लिहिलं — एक नर, आवाज कच्चा, तरुण असावा. म्हणजे जवळपास मादी आहेच, पिल्लंही झालेली दिसतात. तार आणखी दोन किलोमीटर पुढे न्यायला हवी.

खुंट्या उद्या निघणार. मी अजून चिडलेलीच आहे. पोतं वाळत घातलंय.