घमेलं, गुडघे आणि शंभर टक्के निकाल

आदरणीय मामांना भाच्याचा गुडघे धरून सलाम (गुडघे माझेच, तुमचे नव्हेत, कारण खाली येईलच).

मामींचं पित्त आणि तुमचा रक्तदाब दोन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून. माझ्यावर जो प्रसंग गुदरला तो लिहायला हात धजत नाही, पण तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष, आणि मला इथे गणिताचा मास्तर म्हणून चिकटवलंत तेही तुम्हीच, तेव्हा ऐकून घेणं तुम्हाला भाग आहे. मी अजून सावरलेलो नाही. काल शिक्षकांच्या खोलीत बिस्किट समजून चहात खडू बुडवला.

झालं असं की, तुमच्या समितीने फर्मान काढलं : आपण ख्रिस्ती शाळा कशासाठी चालवतो ते एका ओळीत लिहून द्या, पुढच्या भिंतीवर रंगवायचं आहे. (त्या भिंतीला आधी गिलाव्याची गरज आहे, पण ते असो.) मुख्याध्यापिका बाईंनी सभा बोलावली. व्यायामाचे मास्तर म्हणाले, शिस्त. भाषेच्या बाईंनी एका ओळीची दीड पानं केली आणि वाचताना स्वतःच गहिवरल्या. मी म्हटलं, शंभर टक्के निकाल. ओळ छोटी, रंगही कमी लागेल. शाळा चांगली म्हणजे निकाल चांगला, हे मी तुमच्याच तोंडून लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून तर बेकरीवाल्याच्या मुलीचं नाव शेवटच्या परीक्षेतून वगळायचा कागद तुमच्याकडे सहीला पाठवला. पोरगी गुणाची आहे, पण गणिताचं आणि तिचं हाडवैर. यंदा अख्खा वर्ग पास होणार, ती एकटी सोडून. नापास झालेल्याला पुन्हा बसता येतं, पण नावच वगळलं की तिची शाळा संपली आणि बाप तिला कायमची भट्टीपुढे उभी करणार, हे मला ठाऊक होतं. पण एकीपायी सगळ्यांच्या निकालाला गालबोट कशाला, असा माझा सरळ हिशेब. बाईंचा मात्र त्या कागदाला पहिल्यापासून विरोध आहे.

तर बाई म्हणाल्या, ओळ मागाहून लिहू, आधी करून बघू. प्रभूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, तसे शुक्रवारच्या प्रार्थनेला प्रत्येक शिक्षकाने एका विद्यार्थ्याचे पाय धुवायचे. मला वाटलं, बाई दृष्टान्त देताहेत. पाळकसाहेब दरवर्षी तो भाग वाचतात, आपण डोळे मिटून ऐकतो आणि घरी जाऊन जेवतो. त्यासाठी कुणी घमेली आणल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. बाईंनी घमेली आणली. तीही गवंड्यांकडून, आणि ज्याच्या बुडाला सिमेंट सुकलं होतं ते नेमकं माझ्या वाट्याला आलं. कुणी कुणाचे पाय धुवायचे तेही बाईंनीच ठरवलं होतं. माझ्यासमोरच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पोरगी पहाटे बापाला मदत करून शाळेत येते, त्यामुळे पाय पिठाने माखलेले. पिठावर पाणी ओतलं की काय होतं ते मामींना विचारा. पाय धुतोय की कणीक मळतोय, मलाच कळेना. त्यात तिला गुदगुल्या होतात. अंगठ्याला हात लावताच तिने पाय झाडला, माझा चष्मा घमेल्यात गेला आणि (गुडघ्यांनी ऐनवेळी राजीनामा दिल्यामुळे) मी घमेल्याशेजारी बसकण मारली. सगळ्या शाळेसमोर. व्यायामाचे मास्तर एकटक छताकडे बघत होते, म्हणजे हसत होते.

मला वाटलं, आता ही रडणार नाहीतर पळणार. मामा, ती खुर्चीवरून खाली उतरली. पाण्यातून चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, माझ्या नाकावर नीट बसवला आणि हळूच म्हणाली, “होतं असं, सर. पहिल्यांदाच करताय ना? परत करा. मी थांबते.”

हे बोलायला तिला शिकवलं कोणी? मी तर नाहीच. माझ्या तासाला चुकलं की काय मिळतं ते अख्ख्या गावाला माहीत आहे. मागाहून भाषेच्या बाईंना विचारलं, त्याही नाही म्हणाल्या. व्यायामाच्या मास्तरांना तर मी संशय घेतला याचाच राग आला. एवढी मोठी शाळा आपली, आणि हे साधं बोलणं आमच्यातल्या एकाच्याही तोंडचं नाही. मी परत पाय धुतले. ती थांबली, अजिबात हलली नाही. मग हात धरून तिनेच मला उठवलं आणि मला चारचौघांत रडू फुटलं. (डोळ्यांत साबण गेला असं मी सर्वांना सांगितलं. साबण नव्हताच.)

आता तुम्हीच सांगा, हे शाळेला शोभतं का? शिक्षकाचा वचक म्हणून काही राहील का? दुसऱ्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एका कार्ट्याने मला बघून चक्क हसून सलाम केला. मी इतका दचकलो की फळ्यावर सात आठे चोपन्न लिहून बसलो, आणि वर्गाने ते सांभाळून घेतलं. तरी अध्यक्ष या नात्याने आपण बाईंना खरमरीत समज द्यावी, ही विनंती.

आपला हादरलेला भाचा

ता. क. : समज फार खरमरीत नको. बाईंनी पोरीला संध्याकाळी माझ्याकडे शिकवणीला पाठवायचा विषय काढला आणि मी नाही म्हणायला तोंड उघडलं ते हो म्हणून मिटलं. सोमवारपासून येते आहे. तुमची भाचेसून तिला खायला घालते आणि मला दटावते.

पुन्हा ता. क. : तो कागद. सही केली नसलीत तर करू नका. केली असलीत तर फाडून टाका. कुणी विचारलं तर भाच्याचं डोकं फिरलंय म्हणून सांगा आणि खुशाल हे पत्र दाखवा.

शेवटचं : ती पास होईल अशा भ्रमात राहू नका. मी रोज शिकवतो, मला दिसतंय. पोरगी नापास होणार, निकाल घसरणार आणि समितीत तुम्हाला खाली मान घालून बसावं लागणार, हे मी गणिताचा मास्तर म्हणून लिहून देतो. तरीही तिला परीक्षेला बसू द्या.